विहिरीतला माणूस आणि बाकीच्या बेचाळीस कॅसेटींची व्यवस्था

आणि त्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी होती, म्हणून मी साडेचारलाच उठले. दोन्ही पिंपे भरली, कळश्या भरल्या, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा सोडली नाहीत. दार झाडून सडा टाकला. स्टोव्हवर अंघोळीचे पाणी ठेवले आणि ते उतरल्यावर भाकऱ्या थापल्या. कुमार तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला न्हाऊ घालून बाहेर ओट्यावर बसवले. मग पुढच्या खोलीत गेले. पुढची खोली म्हणजे आमच्या मालकांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान. खंडेनवमी होती. या दिवशी ज्याने त्याने आपापले हत्यार पुजायचे. मी पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, मीटर असे सगळे पुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली. राहिले ते कुवेतहून आलेले यंत्र आणि त्याच्या पाच कॅसेटी.

कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे. टीव्हीला जोडायच्या जुन्या घरगुती संगणकात वरून खोचायची ती पंजाएवढी प्लॅस्टिकची डबी. एका डबीत एक खेळ. कुमार म्हणतो, आई, कार्ट्रिज म्हण. आमच्या दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक कॅसेटच म्हणत होते, तेव्हा मीही तेच लिहिणार.

तर मी त्या कॅसेटींचे कपाळ शोधू लागले. पाठ काळी, पोट काळे. खाली तोंडाशी मात्र आत सोनेरी दातांची ओळ होती. चमकते तेच कपाळ, असे मी धरले. कोरडे कुंकू चिकटेना म्हणून पाण्यात कालवले आणि अनामिकेने एकेका दाताला लावले. ज्या फटीत कॅसेट खोचतात त्या फटीतही श्रद्धेने हळद सोडली.

मालक अंघोळ करून आले. त्यांनी पाहिले. ओट्यावर कुमारशेजारी जाऊन बसले, चहा निवून जाईपर्यंत बसून राहिले. मग त्याच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन आत आले, मला शेजारी बसवले आणि म्हणाले, "हे असं, एकाच अंगानं घासायचं. जोर लावू नगंस." दोन दिवस आम्ही नवराबायको कॅसेटींचे दात घासत होतो. पाचही चालल्या. या छंदात माझा प्रवेश झाला तो असा.

मृत्युपत्रात हे आधी कशाला, असे वकीलबाईंनी विचारले. पुढे एका कलमात त्याची गरज पडणार आहे, म्हणून. आता त्यांच्या मसुद्याप्रमाणे लिहिते.

मी, श्रीमती मुक्ताबाई नागनाथ म्हेत्रे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा घरकाम, राहणार दाजी पेठ, सोलापूर, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, पोटभर जेवून लिहीत आहे. 'श्रीमती'च्या आधी जे खोडले आहे ते 'सौ.' आहे. पंधरा महिन्यांत हाताची सवय गेली नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून वळवलेलेही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कुमारला शंका असेल तर त्याने माझ्यासमोर 'विहिरीतला माणूस' हा खेळ पाचव्या विहिरीपर्यंत खेळून दाखवावा आणि मग बोलावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे पती नागनाथ धर्माजी म्हेत्रे गेल्या वर्षीच्या श्रावणात वारले. कायद्याला नाव लागते म्हणून लिहिले. तोंडाने मी ते लग्नातल्या उखाण्यात एकदाच घेतले होते, तेही जावेने चिमटा काढला म्हणून. आम्हाला कुमार हा एकच मुलगा. तो पुण्यात कंपनीत असतो. सून ऋतुजा बँकेत आहे.

कलम २. राहते घर कुमारला द्यावे. पुढची खोली त्याने भाड्याने दिली तरी हरकत नाही, पण भिंतीतली लाकडी फळी काढू नये. ती मालकांनी स्वतः बसवली आहे आणि काढायला गेल्यास भिंतही सोबत येईल. बँकेत जे असेल ते कुमार आणि ऋतुजा दोघांच्या नावे करावे. दोघांच्या म्हणजे दोघांच्या.

कलम ३. माझी बोरमाळ ऋतुजाला. तिला बोरमाळ आवडत नाही हे मला माहीत आहे. तिने ती मोडून हवे ते करावे, मला वाईट वाटणार नाही, कारण मी नसेन. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी तिच्यावरच सोपवते. आमच्या घरात सही करण्याआधी कागद वाचणारी ती एकटीच आहे.

कलम ४. मंद्रूपची माझी जाऊ केराबाई हिला माझे हिरवे इरकल नेसायला द्यावे. माझ्या लग्नात हेच लुगडे बघून ती म्हणाली होती की, करकंबच्या लोकांना रंगातले काही कळत नाही. माझे माहेर करकंबचे. तेव्हापासून ते मी जपून ठेवले आहे, एकही चूण मोडलेली नाही. तिने ते नेसून एकदा करकंबला जाऊन यावे एवढीच माझी अट आहे. तिच्याबद्दल अजून एक गोष्ट आहे, ती कलम ८ मध्ये येईल.

कलम ५. पुस्तके. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर किराणा ज्या रद्दी कागदात बांधून यायचा तो उलगडून मी मराठी वाचायला शिकले. त्यामुळे बरेच दिवस माझ्या कथा अर्ध्यावरच संपत, पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या साखरेला गेलेला असे. इंग्रजी अक्षरे मला त्या यंत्राच्या बटणांवरून आली. त्याच बटणांवर अरबी अक्षरेही आहेत, ती राहिली. पडद्यावर डाव संपला की 'गेम ओव्हर' येई. मी न अडखळता वाचलेले पहिले इंग्रजी तेच, आणि दिवसातून तीसचाळीस वेळा वाचल्यामुळे पाठही झाले. माझी सगळी पुस्तके पेठेतल्या वाचनालयाला द्यावीत. तिथले ग्रंथपाल संघपाल यांनी मला पंधरा वर्षे दर बुधवारी पुस्तक काढून ठेवले आणि एकदाही 'मावशी, हे तुम्हाला झेपेल का' असे विचारले नाही.

कलम ६. यंत्राच्या मूळ मालकाविषयी. १९९० साली कुवेतमध्ये लढाई झाली तेव्हा तिथली आपली माणसे मिळेल त्या वाटेने परत आली. त्यांतला एक गृहस्थ हे यंत्र आणि पाच कॅसेटी पिशवीत घालून आमच्या दुकानात आला. चालू होत नाही, बघून ठेवा, आठ दिवसांनी येतो, असे सांगून गेला. आठ दिवसांची पस्तीस वर्षे झाली. आमच्या मालकांनी ते चौथ्या दिवशीच दुरुस्त केले होते. रोज लावून बघत, ते आपले नुसते चालते की नाही हे पाहण्यासाठी. तो गृहस्थ किंवा त्याची मुले कधी आली, तर यंत्र आणि पहिल्या पाच कॅसेटी त्यांच्या आहेत, हे ज्याला हा संग्रह मिळेल त्याने लक्षात ठेवावे. एक डाव खेळू द्यावा, चहा द्यावा आणि मग ते काय म्हणतात ते पाहावे.

बाकीच्या अडतीस कॅसेटी आमच्या मालकांनी जमवल्या. काही मंगळवार बाजारात जुन्या चपलांच्या ढिगाशेजारी सापडल्या, काही आखातातून परतलेल्या लोकांच्या माळ्यावरून आल्या. एक तर भंगारवाल्याने दाराला आडवी लावायची म्हणून ठेवली होती. 'विहिरीतला माणूस' दोनदा आली. कुमारने सातवीत असताना ती एका मुलाला देऊन त्याच्याकडून बॅट घेतली. आमच्या मालकांना ती नऊ वर्षांनी मंगळवार बाजारातच दिसली. तिच्या पाठीवर त्यांनीच सोल्डरने पाडलेला डाग होता. बॅट पहिल्याच पावसात फुगली. कुमार, मी हे विसरलेले नाही. माफ मात्र केले आहे.

कलम ७. संग्रह कसा सांभाळावा. संग्रह ज्याला मिळेल त्याने हे कलम भिंतीवर लावावे.

कॅसेटी उत्तरेच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत आहेत. पत्र्याखाली ठेवू नयेत. आपला मे महिना माणसांनाही वाकवतो. प्रत्येक कॅसेट मी सुती टॉवेलच्या कापडाच्या पिशवीत घातली आहे. नायलॉनची साडी कापून पिशवी शिवू नये, ती थंडीत चटचटते आणि कॅसेटीला ते सोसत नाही. कॅसेटींवरची नावे अरबीत किंवा जपानीत असल्याने पिशवीवर मी दोऱ्याने चित्र काढले आहे. शिडी म्हणजे विहिरीतला माणूस. टोपली म्हणजे अंडी झेलायचा खेळ. जे चित्र म्हशीसारखे दिसते तो घोडा आहे.

दातांवर फुंकर मारू नये. सगळे मारतात, आणि फुंकरीच्या दमटपणाने दात काळे पडतात. खोडरबराने घासावे, एकाच अंगाने. मग कापसाला स्पिरिट लावून पुसावे. वीज बंद केल्याशिवाय कॅसेट उपसू नये. फुगीर काचेचा जुना टीव्ही टाकू नये, हे यंत्र दुसऱ्या कोणत्याही टीव्हीशी बोलत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आठवड्यातून एकदा तरी खेळावे. मालक म्हणत, ठेवलेल्या वस्तूचे मढे होते.

कलम ८. संग्रह कोणाला.

हे कलम लिहायला मला तीन आठवडे लागले. वकीलबाई दर सोमवारी विचारत आणि मी दर सोमवारी चहा टाकायला उठत असे.

पहिला हक्क कुमारचा. त्याला फोन केला. तो म्हणाला की हे सगळे खेळ आता फोनमध्ये फुकट मिळतात आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायलाही जागा नाही. तो खोटे बोलला नाही. त्यानेच पुण्याच्या आदिनाथ नावाच्या संग्राहकांना माझ्याकडे पाठवले. माणूस सभ्य होता. हातमोजे घालून एकेक कॅसेट उचलायचा, खाली ठेवताना तान्ह्या मुलासारखी ठेवायचा. काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवीन म्हणाला. मी म्हटले, लावून बघा की. तर म्हणाला, नको काकू, लावल्याने झीज होते. मग एका कॅसेटीच्या खाचेत त्याला लाल रेघ दिसली. त्याने विचारले, हा डाग कसला, जाईल का? कुंकवाचा आहे, सांगितले. त्याने ते आपल्या वहीत 'दोष' या रकान्यात लिहिले. मी त्याला शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली आणि नाही म्हणून सांगितले. ज्याच्याकडे जाऊन विहिरीतला माणूस पुन्हा कधी वर चढणार नाही, त्याच्याकडे तो पाठवायचा कशाला? वाचनालयाला विचारले, तर संघपाल म्हणाले की मावशी, मला आवडेल, पण इथे बोलायलाही बंदी आहे आणि तुमचा तो घोडा खिंकाळतो.

तेव्हा उरले एकच नाव. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

समोरच्या घरात रत्नम्मा गाजूल राहते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. तिचे मालक यंत्रमागावर होते, आता घरी असतात. ती विड्या वळते. कुमार शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून, म्हणजे चोवीस वर्षे, रोज दुपारी दोन वाजता ती विड्यांचे सूप बाजूला ठेवून, हात धुऊन आमच्याकडे येत असे आणि चारला परत जात असे. कॅसेट पिशवीतून काढायची आणि खोचायची ती मीच. रत्नम्माच्या बोटांना तंबाखू असते, म्हणून मालकांनी तसा नियम घातला होता आणि तिनेही तो हसत मानला होता. पण खेळायची दांडी एकदा तिच्या हातात आली की बघत राहावे. दिवसाला हजार विड्या वळणारी बोटे ती. विहिरीतल्या माणसाला खालून पाणी चढत असते आणि वर शिड्या तुटत असतात. मालक सातव्या विहिरीपर्यंत गेले, मी नवव्या, रत्नम्मा अकराव्या. हरली की तेलुगूत शिव्या द्यायची. अर्थ विचारला की म्हणायची, "देवाचं नाव घेतलं, अक्का."

गेल्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी ती खेळत होती, मी शेजारी होते. मालक मागे खुर्चीत बसून नेहमीसारखे "उडी मार, उडी मार" करत होते. मग त्यांनी म्हणायचे थांबवले. मी पडद्याकडेच बघत होते. रत्नम्माने मागे वळून पाहिले. दांडी खाली ठेवून तिने माझा हात धरला आणि मग मी वळले. पुढचे लिहीत नाही. पडद्यावरचा माणूस तिसऱ्या शिडीवर उभा होता. कोणीतरी वीज बंद केली. ती तिनेच केली असणार.

त्यानंतर दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. केराबाई मंद्रूपहून आली होती. मी पाट मांडायला घेतला, तर तिने माझ्या हातातून करंडा काढून घेतला. म्हणाली, "मुक्ता, आता तू हात लावायचा न्हाय. समोरची सवाष्ण हाय की, तिला बोलावते." मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच कणीक मळत बसले. तेहतीस वर्षे ती पूजा मी केली होती. पहिल्या वर्षीची चूक सोडली, तर कुंकू नेहमी पाठीवर, एकच ठिपका.

रत्नम्मा कोरी साडी नेसून आली. तिला कोणी काही सांगितले नाही. तिने आजवर कॅसेटीचे तोंड जवळून पाहिले नव्हते. पेटी उघडून त्रेचाळीस कॅसेटी बाहेर काढल्या, कपाळ शोधले, चमकते तिथे ओले कुंकू लावले. एकही वगळली नाही.

मी बाहेर आले आणि पाहिले. केराबाई होती, गल्लीतल्या आणखी चार बायका होत्या. त्या सगळ्यांसमोर मी रत्नम्माला म्हणाले, "तंबाखूचे हात घेऊन आलीस आन् यांचं सगळं नासवून ठिवलंस. यांनी तुला हात लावू दिला नव्हता, ते काय उगं?"

ती म्हणाली, "अक्का, मला बोलावलं म्हणून आले की मी." मग तिने दारातल्या बादलीत हात धुतले आणि समोर निघून गेली. तेव्हापासून ती दोन वाजता येत नाही. मीही गेले नाही. आमची दारे समोरासमोर आहेत आणि आम्ही दोघीही वर्षभर दार लोटून घेत आहोत. तिच्या मालकांना रस्त्यात मी ओळख देते, तेवढेच.

त्रेचाळीस कॅसेटींचे दात मी एकटीने घासले. त्यात पाच खोडरबर गेले. घासताना तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, हीच चूक मी केली तेव्हा एक माणूस उठून ओट्यावर जाऊन बसला होता. मला तर ओट्यापर्यंतही जाता आले नाही. आणि मला राग कुंकवाचा आलाच नव्हता. करंडा माझ्या हातातून काढून घेतला त्याचा आला होता, आणि तो काढून घेणारीला मी काही बोलले नाही, कारण ती जाऊ. ज्या हातांनी मला त्या दुपारी धरले होते, त्यांना बोलले.

दात घासून झाले, पण एकही कॅसेट यंत्रात घालून पाहिली नाही. चालत नसतील तर तिला बोलल्याचे थोडे तरी कारण राहील, असे मनात असावे. यंत्र तेव्हापासून बंद आहे. वर मी लिहिले की आठवड्यातून एकदा खेळावे. ते मीच वर्षभर मोडले आहे.

सबब, कुवेतचे यंत्र, फुगीर टीव्ही, खेळायच्या दोन्ही दांड्या, लोखंडी पेटी आणि तिच्यातल्या त्रेचाळीस कॅसेटी मी रत्नम्मा गाजूल हिला देते. कॅसेट तिने स्वतःच्या हाताने काढावी आणि स्वतःच्या हाताने खोचावी. तो नियम मी रद्द करते. मालकांना पटले नसते, पण त्यांचे म्हणणे मी तिकडे गेल्यावर ऐकून घेईन. कुमारने हरकत घेऊ नये. घेतल्यास बॅटची गोष्ट ऋतुजाच्या माहेरी सांगावी.

कलम ९. खंडेनवमीची पूजा. माझ्यानंतर ती ज्याला करावीशी वाटेल त्याने करावी. सवाष्ण आहे की विधवा, बाई आहे की बाप्या, हे बघू नये. फक्त कुंकू पाठीवर लावावे. ते चुकून दातांना लागलेच, तर लावणाऱ्याशी कोणीही एक शब्द बोलू नये. खोडरबर द्यावा.

कलम १०. रत्नम्माची मी माफी मागते. गेल्या वर्षी खंडेनवमीला मी जे बोलले ते खोटे होते. तिने काही नासवले नाही.

वकीलबाईंनी हे कलम वाचून पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतात. तोवर त्यातल्या कशालाच अर्थ नसतो."

मी विचारले, "म्हंजे रत्नम्मा हे बी तवाच वाचणार?"

"हेही तेव्हाच."

मी म्हटले, राहू द्या लिहिलेले. त्यांनी ते राहू दिले.

कलम ११. साक्षीदार म्हणून मला खरे तर रत्नम्माच हवी होती, कारण माझे डोके किती ठिकाणावर आहे हे सोलापुरात तिच्याइतके कोणाला माहीत नाही. पण ज्याला मिळायचे त्याने साक्ष न केलेली बरी, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून खाली सही केलेले हे दोघे. दोघांनीही मला सही करताना डोळ्यांनी पाहिले आहे आणि मी दोघांना. गिरणीवाले बिरुदेव यांनी चष्मा आणला नव्हता, त्यांना माझा दिला. मी केलेली सही माझीच आहे. 'म्हेत्रे' मधला 'म्हे' जरा लांबला आहे, तो गिरवू नये.

साक्षीदार
१. संघपाल तळभंडारे, ग्रंथपाल, सोलापूर (सही)
२. बिरुदेव वाघमोडे, पिठाची गिरणी, दाजी पेठ, सोलापूर (सही)

लिहून देणार
मुक्ताबाई नागनाथ म्हेत्रे (सही)

स्थळ: पुढची खोली, दाजी पेठ, सोलापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सहीच्या खाली काही लिहू नये, असे वकीलबाईंनी बजावले होते. पण अर्धे पान कोरे आहे.

बुधवारी मी भाकऱ्या उरकून समोर गेले. दार लोटलेले होते, ते ढकलले. रत्नम्मा विड्या वळत होती. मी कलम १० तोंडी सांगितले. मध्ये एकदा अडखळले तरी तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "अक्का, रस्ता ओलांडायला वरीस लागलं व्हय?" मी व्हय म्हणाले. तिने कात्री माझ्याकडे सरकवली. बारा वाजेपर्यंत मी तिला पाने कापून दिली. तिला त्यातली निम्मी टाकावी लागली, तरी ती पुढची पाने माझ्यापुढे सरकवत राहिली. दोन वाजता ती आमच्याकडे आली. मी पेटी उघडून बाजूला सरले. तिने हात धुतले, पुसले, कॅसेट काढली आणि खोचली. मी वीज लावली.